वर हवा, खाली पाणी

जुलैमध्ये लोणावळ्यातल्या कुठल्याही घरातलं कपाट उघडा. चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी लव आलेली असते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट ठिपके उमटलेले असतात आणि घडी घालून ठेवलेल्या रेशमी साडीला तो ओळखीचा कुबट वास येत असतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या घाटमाथ्यावर बुरशी कुणाला पेरावी लागत नाही. तिचे बीजाणू हवेतच असतात. ओल मिळाली की रुजतात.

हीच हवा आपण श्वासावाटे आत घेतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, म्हणजे दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास. ती जिथून जाते तो रस्ता अंधारा, ओलसर आणि ३७ अंशांना उबदार असतो. बुरशीला याहून सोयीची जागा अख्ख्या मावळात सापडायची नाही. तरीही कपाटातला पट्टा आठवडाभरात बुरसटतो आणि सत्तर-ऐंशी वर्षं अखंड चालणाऱ्या श्वासनलिकेत सहसा बुरशीचा मागमूस नसतो. हे कसं जमतं?

या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांनी पाहायचं, तर श्वासनलिकेच्या पेशी शरीराबाहेर, काचेखाली वाढवाव्या लागतात. त्या वाढवायला कोणती उपकरणं घ्यायची याची यादी करायला बसलं, की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ती यादी खरं तर शरीर आपल्यासाठी गुपचूप करत असलेल्या कामांची असते.

सेकंदाला दहा-पंधरा फटके

श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीला पेशींचं अस्तर असतं. त्यातल्या बऱ्याच पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. पाठ्यपुस्तकांत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे ‘सिलिया’च म्हणतात. एका केसाची लांबी सहा-सात मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा साधारण दीडशेवा भाग. जाडी त्याच्याही पंचविसाव्या हिश्श्याएवढी. एवढ्याशा जागेत सूक्ष्म नळ्यांच्या नऊ जोड्या गोल उभ्या असतात आणि मधोमध दोन नळ्या. ही रचना डॉन फॉसेट आणि कीथ पोर्टर यांनी १९५४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तपशीलवार मांडली. डबक्यातल्या पॅरामिशियमच्या केसात हीच मांडणी असते आणि माणसाच्या शुक्रजंतूच्या शेपटीतही हीच. निसर्गाला ती एकदा जमली आणि त्याने ती मोडली नाही.

हे केस सेकंदाला दहा ते पंधरा वेळा फटका मारतात. पुढे जाताना केस ताठ असतो, परत येताना तो वाकून, अंग चोरून येतो. वल्हं मारणारा नावाडीही पाणी ढकलताना वल्हं उभं धरतो आणि मागे नेताना आडवं करतो. केसांच्या भोवती पातळ पाण्याचा थर असतो, त्यांच्या उंचीइतकाच, आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचा पट्टा. हवेतून आलेली धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू सगळं त्या पट्ट्याला चिकटतं. केसांचे फटके तो पट्टा मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर घशाकडे सरकवत राहतात. तिथे आपण तो नकळत गिळतो आणि पुढचं काम पोटातलं आम्ल करतं. बीजाणूला रुजायला वेळ लागतो. सरकत्या पट्ट्यावर तो वेळ त्याला मिळतच नाही.

फर्ग्युसनच्या अंगणातून

पेशी शरीराबाहेर जगवण्याची विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक नाव पुण्याचं आहे. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसन, मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगावर संशोधन आणि १९४९ साली डॉक्टरेट. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या आणि आजही न थांबता वाढत असलेल्या ‘हेला’ पेशी १९५१ साली जिथे प्रथम वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. तिथली विद्या घेऊन परतलेल्या कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारं पोषक द्रावण आणि रसायनं तयार करण्याचं कामही त्यांच्या गटाने केलं.

पुढे १९८६ साली पुण्यात प्राण्यांच्या ऊती आणि पेशी जतन करणारं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आज त्याचं नाव राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस. इथल्या पेशीभांडारातून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी जातात.

भांडारात मिळणाऱ्या पेशी बहुतेक ‘अमर’ वाणाच्या असतात. कर्करोगातून आलेल्या किंवा मुद्दाम बदललेल्या अशा या पेशी अखंड विभागत राहतात, पण आपलं मूळचं काम बऱ्याच अंशी विसरलेल्या असतात. फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी वाढवून पाहिल्या तर त्यांच्या माथ्यावर केसांची दाटी दिसत नाही. फटके मारणारं अस्तर हवं असेल, तर जिवंत माणसाच्या नाकातून किंवा श्वासनलिकेतून ताज्या पेशी घ्याव्या लागतात. त्यासाठी नीतिसमितीची मंजुरी लागते, देणाऱ्याचं लेखी संमतीपत्र लागतं. मग दातांच्या फटी साफ करायच्या ब्रशसारखा एक मऊ ब्रश नाकपुडीत हलकेच फिरवला जातो. डोळ्यांत पाणी येतं, एखादी शिंक येते आणि ब्रशला हजारो पेशी लागलेल्या असतात.

खाचरातलं पाणी काढलं तेव्हा

पुढचं काम मावळातल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी असो की घरचं जुनं वाण, भात थेट शेतात पेरून मोकळं होता येत नाही. आधी रोप टाकायचं, ते वाढवायचं, मग उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. पेशींचंही तसंच. ब्रशवर आलेल्यांपैकी केसवाल्या पेशी विभागत नाहीत, त्या लवकरच गळून जातात. विभागतात त्या अस्तराच्या तळाशी बसलेल्या बेसल पेशी. त्या प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये, कोलॅजेनचा हात फिरवलेल्या तळावर, गुलाबी-लाल द्रावणात बुडवून वाढवायच्या. हे झालं रोप. तळ बराचसा भरला की त्या सोडवायच्या आणि ‘इन्सर्ट’ नावाच्या छोट्या पेल्यात नव्याने लावायच्या. ही झाली लावणी.

इन्सर्ट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पेला. त्याचा तळ भरीव नसतो, तिथे सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा ताणलेला असतो. हा पेला द्रावणाने भरलेल्या खळग्यात लटकवतात. सुरुवातीला पेशींच्या वरही द्रावण, खालीही द्रावण. या अवस्थेत त्या चपट्या, एकसारख्या, फरशीच्या तुकड्यांसारख्या दिसतात. कुणाच्याही माथ्यावर केस नाही. बुडालेल्या ठेवल्या तर त्या तशाच राहतात.

काही दिवसांनी त्यांनी पडदा पूर्ण झाकला, की वरचं द्रावण ओढून काढून टाकतात. खालून अन्न चालूच असतं, पण माथा आता उघडा, हवेत. याला प्रयोगशाळेत ‘एअरलिफ्ट’ म्हणतात. भाताच्या खाचरातून पाणी काढून टाकलं तर पीक सुकेल, इथे उलट घडतं. पेशी उंच होतात, थर चढतात. काही श्लेष्मा बनवणाऱ्या होतात, काहींच्या माथ्यावर केस उगवतात. तीन-चार आठवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग थरथरताना दिसतो, वाऱ्याने ओंब्यांवरून लाट जावी तसा. सगळं आवश्यक ज्ञान पेशीत पहिल्यापासून होतं, तिला फक्त आपण कुठे आहोत हे कळायला हवं होतं: वर हवा, खाली पाणी.

व्हिटकट, अ‍ॅडलर आणि वू यांनी १९८८ साली अशा दोन बाजूंच्या कप्प्यात श्वासनलिकेच्या पेशी वाढवून दाखवल्या. त्यानंतर या पद्धतीने श्वसनाच्या अभ्यासाचा चेहरा बदलला. पुढची सगळी उपकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात. पेशीला पटवून द्यायचं आहे की ती अजून माणसातच आहे.

कोणतं काम कुणाकडे

उपकरण निवडताना आधी प्रश्न नेमका करावा लागतो, ही शिस्त लोणावळ्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. नौली करताना पोटात दाब किती उतरतो, प्राणायामात वायूंची देवाणघेवाण कशी होते, हे त्यांनी क्ष-किरण, दाबमापक आणि वायूविश्लेषण यांनी तपासायला घेतलं. अनुभवाला यंत्रापुढे बसवताना यंत्र त्या अनुभवाला साजेसं असावं लागतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जाणलं होतं.

आता समजा, याच तालुक्यात, वडगावला किंवा लोणावळ्याला, कुणी श्वासनलिकेच्या पेशी वाढवायची प्रयोगशाळा थाटायची ठरवली. काय काय घ्यायचं?

पहिलं, भांडं. या तालुक्याला भांड्यांचा इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसाफंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. पेशीसंवर्धनाची सुरुवात काचेतच झाली. आज बहुतेक काम पॉलिस्टायरीन प्लास्टिकमध्ये होतं, पण साध्या पॉलिस्टायरीनला पाणी चिकटत नाही आणि पेशीही नाहीत. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर प्लाझ्माची प्रक्रिया करतात, मग तो ओला होऊ लागतो. बाजारात दोन्ही फ्लास्क दिसायला अगदी सारखे. पाकिटावरचे शब्द न वाचता स्वस्त डबा उचलला तर पेशी तळाला न धरता वर तरंगत मरतात.

इन्सर्टच्या पडद्याची छिद्रं ०.४ मायक्रोमीटरची घ्यायची, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान. त्यातून साखर, प्रथिनं वर येतात, पेशी मात्र खाली निसटत नाही. तीन मायक्रोमीटरची छिद्रंही मिळतात, पण ती पेशी पडद्यापार कशा सरकतात हे पाहणाऱ्यांसाठी. पडदा पारदर्शक पॉलिएस्टरचा असेल तर खालून नीट दिसतं. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या छोट्या पेल्याचं क्षेत्रफळ अवघं ०.३३ चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे एका नाकपुडीतल्या ब्रशमधून असे अनेक पेले लावता येतात. आपल्या शरीरात हे काम पेशीखालचं आधारपटल आणि रक्तवाहिन्यांची जाळी करतात.

दुसरं, काम करायची जागा. पुण्याच्या परिसरात वनस्पतींच्या ऊतीसंवर्धनाची मोठी परंपरा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९९० साली बांबूला काचेच्या बाटलीत फुलं आणून जगाला चकित केलं होतं. तळेगावच्या फुलशेतीमुळे मावळातल्या अनेकांना अशा प्रयोगशाळा माहीत आहेत. तिथल्या बऱ्याच टेबलांवर गाळलेली हवा समोरून काम करणाऱ्याच्या तोंडाकडे वाहते. रोपासाठी ते उत्तम. माणसाच्या नाकातल्या नमुन्यासाठी ते धोक्याचं, कारण त्या नमुन्यात क्षयाचे जंतू असतील तर वारा ते सरळ आपल्या श्वासात आणून सोडेल. इथे ‘क्लास टू’ बायोसेफ्टी कॅबिनेटच लागतं. त्यात गाळलेली हवा वरून खाली पडते, पुढच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेचा एक अदृश्य पडदा तयार होतो. पेशीला माणसापासून आणि माणसाला पेशीपासून, दोघांना राखणारा पडदा. शरीरात ही राखण तेच थरथरते केस करतात. बशीतल्या कोवळ्या पेशींना अजून केस यायचे असतात. ज्या बुरशीला त्या उद्या हरवणार आहेत, तीच आज त्यांचा सर्वांत मोठा शत्रू असते.

म्हणून मावळात कॅबिनेटइतकीच खोलीही निवडावी लागते. ओल शोषणारं यंत्र हवं. एसीचा झोत कॅबिनेटच्या तोंडावर येता कामा नये, कारण एसीच्या जाळीत बुरशी मुक्कामाला असते आणि झोताने तो हवेचा पडदाही फाटतो. सामानाचे पुठ्ठ्याचे खोके दाराबाहेरच रिकामे करायचे, पुठ्ठा म्हणजे बीजाणूंचं कोठार.

ऊब, ओल आणि पाच टक्के

तिसरं आणि सगळ्यांत जिव्हाळ्याचं यंत्र म्हणजे इन्क्युबेटर. तापमान ३७ अंश, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के.

ऊब का, ते उघड आहे. ओल का? पेल्याखाली द्रावण असतं अर्धा मिलिलिटर. कोरड्या उबेत ते भराभर उडेल, क्षारांचं प्रमाण वाढेल आणि पेशी मुरांब्यातल्या फोडीसारख्या आकसतील. म्हणून तळाशी निर्जंतुक पाण्याचं ताट ठेवतात. बाहेरच्या खोलीत जिच्याशी झगडायचं ती ओल आत मुद्दाम पोसायची आणि तरीही तिथे बुरशी येऊ द्यायची नाही, ही खरी कसोटी. इथे आजीच्या माजघरातला धातू मदतीला येतो. तांब्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीव टिकत नाहीत, म्हणून काही इन्क्युबेटरांच्या भिंती आणि पाण्याचं ताट तांब्याचं मिळतं. दुसरा पर्याय म्हणजे रात्रभर स्वतःलाच कडक तापवून निर्जंतुक करणारं यंत्र. घाटमाथ्यावर या दोहोंपैकी एक तरी असायलाच हवं.

आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड कशाला? हा वायू आपण बाहेर टाकतो, पण रक्ताची आम्लता तोच आणि बायकार्बोनेट मिळून सांभाळतात. पेशींच्या द्रावणातही बायकार्बोनेट असतं, त्याला तोल द्यायला वर तेवढाच वायू हवा. तोल राहिला की पीएच ७.४ च्या आसपास टिकतो. द्रावणात फिनॉल रेड हा रंगही घालतात. आम्ल वाढलं की पिवळा, अल्क वाढलं की जांभळट गुलाबी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्याच जातीचं हे रसायन. अनुभवी माणूस इन्क्युबेटरचं दार उघडताच नुसत्या रंगावरून पेशींची ख्यालीखुशाली ओळखतो.

इथे लोणावळ्याची उंचीही हिशेबात येते. सुमारे ६२० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात टक्क्यांनी कमी असतो. पाच टक्के वायू म्हणजे त्या कमी दाबाचे पाच टक्के, त्यामुळे द्रावणाचा पीएच ०.०३ ने वर सरकतो. फरक बारीक आहे, पण ज्याला मुंबईच्या निकालाशी लोणावळ्याचा निकाल ताडून पाहायचा आहे त्याने यंत्र जागेवर आणून, जागेवरच्या दाबाला जुळवून घ्यावं. हीच गोष्ट ऑटोक्लेव्हची. १२१ अंशांची वाफ समुद्राकाठी दाबमापकावर १५ पौंड दाखवते, लोणावळ्यात तीच १६ पौंडांवर मिळते. इथे पाणीही ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून निर्जंतुकीकरणात काट्यापेक्षा तापमानावर विश्वास ठेवायचा.

मग वीज. याच डोंगरावरच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून टाटांची वीज मुंबईला जाते, आणि इथे वादळवाऱ्यात तारांवर फांदी पडली की दिवे जातात. पेशींना तासाभराचा अंधार चालतो, थंडी चालत नाही. भिंतींत पाणी भरलेला इन्क्युबेटर जड असतो, हलवायला अवघड, पण वीज गेल्यावर ऊब बराच वेळ धरून ठेवतो. दार उघडायचं नाही एवढं पथ्य. एका मोठ्यापेक्षा दोन लहान घेणं केव्हाही शहाणपणाचं, एकात बुरशी शिरली तर दुसऱ्यात वंश टिकतो. खरेदीच्या वेळी चकचकीत माहितीपत्रकापेक्षा एक प्रश्न अधिक मोलाचा: बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा माणूस पुण्याहून किती तासांत येईल?

पाहणं आणि मोजणं

पेशी तळाशी आणि द्रावण वर, म्हणून सूक्ष्मदर्शक उलटा लागतो, भिंग खाली आणि दिवा वर असलेला. त्यातही एक खाच आहे. इन्सर्टचा पडदा खळग्याच्या तळापासून थोडा वर लटकत असतो. नेहमीचं भिंग तिथवर नजर पोचवू शकत नाही, दूरवरून स्पष्ट पाहणारं खास भिंग घ्यावं लागतं. ते घेतलं नाही तर महिनाभर पोसलेलं अस्तर धूसरच दिसतं.

केसांचे फटके मोजायचे तर कॅमेराही चपळ हवा. चित्रपटात गाडीचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं, कारण कॅमेरा चाकाच्या वेगाला पुरा पडत नाही. सेकंदाला पंधरा फटके मारणाऱ्या केसाची पूर्ण हालचाल पकडायला सेकंदाला शंभर किंवा अधिक चित्रं टिपणारा कॅमेरा लागतो. शिवाय सूक्ष्मदर्शकाचं बैठकीचं तबक गरम असावं लागतं. थंडी लागली की केस मंदावतात, आणि आपण आजार मोजतो आहोत की पावसाळी खोलीचा गारठा, हेच कळेनासं होतं.

अस्तर सलग झालं का, हे विजेला विचारतात. चिमट्यासारख्या दोन इलेक्ट्रोडपैकी एक पेल्यात, एक बाहेर. पेशींनी एकमेकींचे हात घट्ट धरले असतील तर प्रवाहाला वाट मिळत नाही आणि रोध वाढतो. कुठे फट असेल तर आकडा कोसळतो. पेशींना इजा न करता त्यांच्या एकजुटीचं मोजमाप मिळतं.

राहिली साठवण. नाकातून आलेल्या पेशी मोजक्याच वेळा विभागतात, म्हणून पहिल्या पिढीतल्या काही कुप्या गोठवून ठेवतात. तापमान मिनिटाला एक अंश या गतीने उतरवायचं, सोबत डीएमएसओ नावाचं रसायन, म्हणजे पेशीत बर्फाचे काटे होत नाहीत, आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. हे परग्रहावरचं वाटतं, पण मावळात ते मोटरसायकलवरून हिंडतं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव जाणाऱ्या माणसाच्या मागे बांधलेलं रुंद पोटाचं कॅन द्रव नायट्रोजनचंच असतं. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘बाएफ’ने हे तंत्र खेडोपाडी नेलं. गोठ्याशी उघडणाऱ्या त्या झाकणातून निघणारी पांढरी वाफ आणि प्रयोगशाळेतली वाफ एकच.

थांबलेले केस

एवढा खटाटोप कशासाठी, याचं सर्वांत ठळक उत्तर जानेवारी २०२० मध्ये चीनमध्ये मिळालं. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेला द्रव वैज्ञानिकांनी माणसाच्या श्वासनलिकेच्या अशाच वाढवलेल्या पेशींवर घातला. ९६ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की केसांचे फटके थांबले आहेत. साऱ्या जगाला घरात बसवणाऱ्या विषाणूची त्याच्या शोधकर्त्यांना पटलेली एक ओळख ही होती: थरथरणारं शेत निश्चल झालं होतं. पुढे मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने हा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींमध्ये वाढवला. तिथे प्रश्न विषाणू भरपूर मिळवण्याचा होता, त्यासाठी त्याच पेशी योग्य. विषाणू माणसाच्या श्वासनलिकेत नेमकं काय करतो हे विचारायचं, तर श्वासनलिकाच लागते.

काही मुलांचे केस जन्मापासूनच नीट हलत नाहीत. सर्दी, खोकला, कान फुटणं आयुष्यभर पाठ सोडत नाही. स्वीडनच्या ब्यॉर्न अफ्झेलियस यांनी १९७६ साली अशा रुग्णांतलं केसांचं व्यंग दाखवलं आणि एक थक्क करणारी जोड पुढे आली: यातल्या जवळपास निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं. गर्भाच्या अगदी सुरुवातीला सूक्ष्म केसांच्या फिरण्यानेच डावं-उजवं ठरतं, ते फिरले नाहीत की निवाडा नाणेफेकीवर जातो. केस दीर्घ संसर्गाने मंदावलेत की मुळातच अधू आहेत, हे ठरवायला पेशी बशीत नव्याने वाढवून पाहतात. संसर्गाने थकलेल्या पेशी नव्या केसांसह सावरतात, जन्मजात अधू असलेल्या तशाच राहतात. सिस्टिक फायब्रोसिसवरचं २०१२ साली मान्यता मिळालेलं आयव्हाकाफ्टर हे औषधही रुग्णांच्या अशाच पेशींवर आधी पारखलं गेलं. चुलीचा धूर वर्षानुवर्षं घेणाऱ्या आपल्या बायांच्या श्वासनलिकेत काय होतं, हा प्रश्नही याच पेल्यांपुढे ठेवता येतो, आणि तो आपल्याइतक्या जवळून दुसरं कोण विचारणार?

या पेशींचं एक दृश्य पाहण्यासारखं असतं. १९९८ साली संशोधकांनी ते नोंदवलं. पूर्ण वाढलेल्या अस्तरावर साचलेला श्लेष्मा हळूहळू गोल फिरू लागतो. लाखभर पेशी आपले फटके एका दिशेला लावून घेतात. पण पेला गोल आहे. वर कुठे घसा नाही, गिळणारं कुणी नाही, ज्या माणसातून त्या आल्या तो आपल्या घरी केव्हाच चहा पिऊन कामाला लागला आहे. त्यांना ते ठाऊक नाही. वर हवा आहे, खाली पाणी आहे, एवढं त्यांना पुरतं, आणि त्या एका सेकंदात पंधरा वेळा आपलं काम करत राहतात. बाहेर लोणावळ्यात पाऊस कोसळत असतो, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी चढत असते, आणि तो इवलासा भोवरा फिरत राहतो.